लामता : दोन अभयारण्यांच्या मधलं गाव

सातपुडा म्हटलं की आपल्याला तोरणमाळ आणि मेळघाट आठवतात. पण हीच रांग पूर्वेकडे मध्य प्रदेशात जाऊन मैकल डोंगरांना मिळते. तिथे, बालाघाट जिल्ह्यात, बालाघाट-नैनपूर रेल्वेमार्गावर लामता आहे. माझी मावशी तिथे राहते.

आधी पाण्याचा धडा. इथला पाऊस वैनगंगेत उतरतो. ती पुढे भंडारा, गडचिरोलीतून वाहते, वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि गोदावरीत मिसळते. म्हणजे लामत्याचं जंगल तुटलं तर झळ विदर्भालाही लागणार.

आता झाडं. पूर्वेला कान्हा, तिथे सालवृक्षांचं राज्य. पश्चिमेला पेंच, तिथे सागाचं. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, साल मात्र बहुधा हिरवाच राहतो. कान्हाच्या गवताळ मैदानांत बारशिंगा चरतो. 1970 च्या सुमारास तिथे जेमतेम 66 बारशिंगे उरले होते. गवत आणि पाणी जपलं म्हणून ते वाचले.

वाघाचं गणित वेगळं. वयात आलेला नर आईचा परिसर सोडून नवी जागा शोधतो. कान्हा आणि पेंच यांच्यामधलं जंगल त्याची वाट आहे. ती तुटली तर दोन्हीकडचे वाघ आपापल्या बेटावर अडकतील, आणि नात्यातच प्रजनन होऊन वंश दुबळा होईल.

मागच्या सुट्टीत मी मावशीला म्हटलं, “चल, जंगल बघायला कान्हाला जाऊ.”

अंगणात मोहफुलं वाळत घालताना ती म्हणाली, “अन् हे मागं दिसते ते काय आहे मग?”

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का?