समुद्राचे वेळापत्रक : ठाण्याहून एका दिवसाची किनारा-सहल

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास येऊन थांबली. तेव्हापासून प्रवासाची सोय हे या शहराचे वैशिष्ट्य ठरले आहे. टेंभी नाक्यावरून रेल्वे स्थानक पायी गाठता येते. मात्र ठाण्यास खाडी आहे, खुला समुद्र नाही. पुळण, लाटा आणि मोकळे क्षितिज पाहावयाचे, तर गाडी, बस अथवा बोट यांचा आधार घ्यावाच लागतो. हिवाळा लागला की शाळांच्या आणि मंडळांच्या सहली निघू लागतात. डॉल्फिन आणि जमल्यास देवमासाही पाहावा, अशी हौस त्यांत असते. या सहलींची आखणी बहुधा घड्याळ पाहून केली जाते. किनाऱ्यावर मात्र दोन वेळापत्रके एकाच वेळी चालू असतात. एक वाहनांचे आणि दुसरे समुद्राचे. या दोहोंचा मेळ घालणे हीच सहलीच्या नियोजनाची खरी कसोटी होय.

देवमासा कोठे, डॉल्फिन कोठे

प्रथम अपेक्षेचा प्रश्न. देवमासा हा नावाने मासा असला तरी सस्तन प्राणी आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. माशाची शेपटी उभी असते व डावीउजवीकडे हलते. देवमाशाची व डॉल्फिनची शेपटी आडवी असते व वरखाली हलते. हा एक फरक सांगितला तरी विद्यार्थ्यांना ओळख पटते.

मोठे देवमासे सामान्यतः खोल पाण्यात वावरतात. मुंबईसमोर समुद्रतळाचा उथळ मंच दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे सकाळी निघून सायंकाळी परतणाऱ्या सहलीत देवमासा दिसेल, असे आश्वासन कोणीही देऊ नये. श्रीलंकेतील मिरिसा येथे देवमासे पाहण्याच्या फेऱ्या चालतात, कारण तेथे खोल समुद्र किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो. आपल्याकडे सिंधुदुर्गाच्या समुद्रात संशोधकांनी ब्राइड जातीच्या व निळ्या देवमाशांच्या नोंदी केल्या आहेत. तथापि त्या दीर्घ निरीक्षणाचे फळ आहेत, सहलीचा हमखास कार्यक्रम नव्हे.

डॉल्फिनची गोष्ट वेगळी. पाठीवर उंचवटा असलेली त्याची एक जात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहते. दापोली तालुक्यातील मुरूड-हर्णै, गुहागर आणि मालवण-तारकर्ली येथे हिवाळ्यात स्थानिक नौकांतून डॉल्फिन पाहता येतात. ठाण्याहून कोकण रेल्वेने खेड गाठून एसटीने दापोलीस जाता येते. मालवणसाठी कुडाळ वा कणकवली येथे उतरावे लागते. परंतु या सहली एका दिवसाच्या नव्हेत. मुक्कामाची तयारी असेल तरच त्यांचा विचार करावा.

एका दिवसाच्या तीन वाटा

सर्वांत सुटसुटीत वाट उरणची आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बर मार्गाने नेरूळ आणि तेथून लोकलने उरण असा हा प्रवास होतो. खारकोपरपर्यंत २०१८ मध्ये सुरू झालेला हा लोहमार्ग जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पोहोचला. स्थानकापासून पिरवाडीचा किनारा रिक्षाच्या अंतरावर आहे. लहान मुलांच्या सहलीस ही वाट विशेष सोयीची आहे, कारण तीत बोटीचा प्रवास नाही आणि गाडी एकदाच बदलावी लागते.

दुसरी वाट केळव्याची. ठाण्याहून दादर, दादरहून पश्चिम रेल्वेने विरार आणि पुढे डहाणूकडे जाणाऱ्या गाडीने केळवे रोड. डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या २०१३ पासून धावू लागल्या. कल्याण-डोंबिवलीकरांना दिवा-वसई मार्गाचाही उपयोग होतो. त्या मार्गावरील कोपर स्थानक डोंबिवलीलगतच आहे. केळवे रोडहून गावात रिक्षाने जावे लागते. सुरूच्या बनामुळे येथे सावली मिळते आणि शीतलादेवीचे मंदिर किनाऱ्यालगतच आहे. एका बाजूच्या प्रवासास तीन तासांहून अधिक वेळ धरावा.

तिसरी वाट अलिबागची. मुंबईस गेट वे ऑफ इंडियाहून सुमारे तासाभरात बोट मांडव्यास पोहोचते. काही सेवांच्या तिकिटातच मांडवा-अलिबाग बसभाड्याचा समावेश असतो. भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास जाणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने जावयाचे असल्यास पनवेल-पेण-वडखळ मार्गे एसटी आहे. पावसाळ्यात गेट वेच्या बोटी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

एसटीने जाताना सवलतींचा लाभ अवश्य घ्यावा. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवासाची आणि महिलांना मार्च २०२३ पासून भाड्यात ५० टक्के सवलतीची तरतूद झाली आहे.

भरती-ओहोटीचा हिशेब

आता समुद्राचे वेळापत्रक. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे सव्वाबारा ते साडेबारा तास लागतात. म्हणून भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. त्या दिवसांत पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा चढउतार कमी असतो.

मुंबई परिसरासाठी कोकणातील जुना ठोकताळा असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ साधारणतः मिळते. द्वादशीस बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नवाच्या सुमारास भरती आणि सव्वातीनच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आधी किनारा भरलेला आणि सायंकाळी रिकामा. हा ठोकताळा केवळ दिवस निवडण्यासाठी आहे. प्रत्यक्ष जाताना छापील भरतीपत्रक पाहावे आणि स्थानिक कोळी बांधवांचा सल्ला घ्यावा.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यास ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. भरती सुरू झाल्यावर तीच वाट पाण्याखाली जाते. सकाळी ठाण्याहून निघालेल्या मंडळींना द्वादशीची दुपार सोयीची ठरेल. अष्टमीस ओहोटी भर दुपारी येत असली तरी भांगामुळे पाणी पुरेसे उतरेलच असे नाही.

या हिशेबाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याची दुःखद आठवण महाराष्ट्रास आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. समुद्र शांत दिसतो तेव्हाही पाण्याची ओढ असू शकते, विशेषतः ओहोटी लागल्यावर. म्हणून गुडघ्याच्या वर पाणी येईल इतके पुढे कोणासही जाऊ देऊ नये. पाण्यात उतरताना व बाहेर येताना मोजदाद करावी आणि एका शिक्षकाने केवळ पाण्याकडे लक्ष ठेवण्याचेच काम करावे.

परतीपासून आखणी

सहलीची आखणी निघण्याच्या वेळेपासून न करता परतीच्या वेळेपासून उलट करावी. शेवटची नव्हे, तर तिच्या आधीची बोट अथवा गाडी आपली मानावी. ती चुकली तरी एक हाताशी राहते. त्या वेळेतून किनाऱ्यापासून स्थानकापर्यंतचा वेळ वजा करावा. सायंकाळी रिक्षा कमी होतात आणि चाळीस मुलांना एका रिक्षात बसविता येत नाही, याचाही हिशेब करावा. उरलेल्या वेळेत ओहोटीची वेळ बसते काय, हे पाहावे. बसत नसेल तर तारीख बदलावी; समुद्राची वेळ बदलता येत नाही.

रविवारी उपनगरी मार्गांवर मेगाब्लॉक असतो. आदल्या दिवशी त्याची घोषणा वाचल्याविना निघू नये. शक्य असेल तेथे शाळेने कामकाजाचा दिवस निवडावा आणि सकाळची गर्दी सुरू होण्यापूर्वी प्रवास आरंभावा.

किनाऱ्यावर आलेला पाहुणा

देवमासा समुद्रात दिसला नाही, तरी तो किनाऱ्यावर येऊन लागल्याची उदाहरणे आहेत. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत आला. प्रयत्न करूनही तो वाचू शकला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे आलेले पिलू अथक परिश्रमांनी समुद्रात नेण्यात आले, परंतु पुढे तेही दगावले. अशा प्रसंगी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर तात्काळ कळवावे, गर्दी दूर ठेवावी, प्राण्याची त्वचा ओली ठेवावी आणि डोक्यावरील श्वासाच्या छिद्रात पाणी अथवा वाळू जाऊ देऊ नये. शेपटीस दोर बांधून ओढणे कटाक्षाने टाळावे.

देवमासे व डॉल्फिन यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. देवमाशाच्या पोटातून निघणारे अंबरग्रीस बाळगणे वा विकणे हाही गुन्हा आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छिमारास भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ मध्ये सुरू झाली. किनाऱ्यावरील पंचायतींनी ही माहिती प्रत्येक नाखव्यापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.

टेंभी नाक्यावरून सकाळी निघालेली मुले रात्री तेथेच सुखरूप परतली आणि भरती-ओहोटीचा हिशेब त्यांच्या वहीत उतरला, तर देवमासा न दिसताही सहल सफल झाली असे समजावे.