आयाकुचो येथील रंगीत पेट्या

दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडून पश्चिम किनाऱ्यावरील पेरू देशावर बोट ठेवा. किनारा सोडून अँडीज पर्वतांत शिरलें म्हणजे सुमारें नऊ हजार फूट उंचीवर आयाकुचो हें जुनें शहर लागतें. ह्या शहराची एक वस्तु प्रसिद्ध आहे. ती म्हणजे दोन दारांची लांकडी पेटी. दारांवर ठसठशीत रंगांचीं फुलें, माथ्यावर त्रिकोणी शिखर, आणि दारें उघडलीं कीं आंत माणसें, गुरें व संत ह्यांचें एक गजबजलेलें जग! ज्यानें घरचा देव्हारा पाहिला आहे त्यास हिची कल्पना सहज येईल.

सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं हा मुलूख जिंकला आणि त्यांच्यामागून ख्रिस्ती संतांच्या मूर्तिही डोंगरांत आल्या. तेथील केचुआ भाषा बोलणाऱ्या गुराख्यांनीं त्या संतांना आपल्या कामास लाविलें. संत मार्क गाईबैलांचा राखणदार, योहान मेंढरांचा, अग्नेस शेळ्यांची. गुरांना डाग देण्याचा वार्षिक सण आला म्हणजे ही पेटी पूजेच्या जागीं मांडीत, आणि त्याच वेळीं डोंगरांच्या प्राचीन देवतांनाही नैवेद्य अर्पण करीत. ह्या पेटीस ‘संत मार्काची पेटी’ म्हणत. वरच्या मजल्यावर संत आणि खालीं माणसांचा संसार. त्या संसारांत गुरें चोरणाऱ्यास फटके बसत आहेत व एक स्त्री गुडघे टेकून दया भाकीत आहे, असा देखावा पुष्कळदां असे. संतांच्या पायांखालीं हें दुःख मांडण्यास कारागीर कचरला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आंतील बाहुल्या लांकडाच्या नसतात. उकडून कुस्करलेला बटाटा व जिप्समची पूड एकत्र मळून लगदा करितात, त्याच्या मूर्ति घडवितात, आणि त्या वाळल्यावर रंगवितात. बटाट्याची मायभूमि अँडीजच. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला व नांवही त्यांचेंच घेऊन राहिला. आपण त्याची भाजी करितों, तेथें त्याचे संतही होतात!

ह्या पेट्या खेडोपाडीं पोंचविण्याचें काम खेचरांवर माल लादून हिंडणाऱ्या व्यापाऱ्यांचें. विसाव्या शतकांत मोटारीचे रस्ते झाले, तांडे मोडले, आणि पेट्यांस गिऱ्हाईक राहिलें नाहीं. त्या पडत्या काळांत ही विद्या धरून राहिलेले कारागीर होआकीन लोपेस आन्ताय (1897–1981) हे होत. ते ती आपल्या आजीपासून शिकले होते. 1940 च्या सुमारास लिमा येथील चित्रकर्त्री आलिसिया बुस्तामांते त्यांजकडे आल्या व पेटींत नवे विषय घालण्याचें त्यांनीं सुचविलें. तेव्हांपासून टोप्या विकणाऱ्याचें दुकान, कापणी, बाजार, मिरवणूक असे देखावे पेटींत येऊं लागले. पूजेची वस्तु शहरी दिवाणखान्यांत गेली. तिचें ‘रेताब्लो’ हें नांवही ह्याच काळांत रूढ झालें. वेदीमागच्या नक्षीदार पाटास स्पेनमध्यें हा शब्द लावीत.

1975 चें राष्ट्रीय संस्कृति-पारितोषिक लोपेस आन्ताय यांस मिळालें, तेव्हां मोठें वादळ उठलें. कित्येक चित्रकारांनीं जाहीर निषेध केला. कारागिरी ही कलेच्या तोलाची नव्हे, असें त्यांचें म्हणणें. दुसऱ्यांनीं वृद्ध कारागिराचा पक्ष घेतला. प्रस्तुत लेखकास निषेध पटत नाहीं. कारागीर आजीचाच सांचा पुनः पुनः वापरतो असें म्हणावें, तर ह्या गृहस्थांनीं पेटीचा विषयच बदलून दाखविला होता. आणि सांचा राखणें हेंही लहान काम नव्हे. पारितोषिक त्यांजकडेच राहिलें.

पुढें 1980 पासून त्या प्रांतावर घोर संकट आलें. बंडखोर व सैन्य यांच्या कचाट्यांत सांपडून खेडींच्या खेडीं ओस पडलीं. दोन दशकांत देशभर सुमारें 69,000 माणसें मेलीं अथवा नाहींशीं झालीं, असा अंदाज सत्यशोधन आयोगानें 2003 सालीं दिला. त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक बळी एकट्या आयाकुचो प्रांतांतले. कारागीर एदिलबेर्तो हिमेनेस यांनीं चुंगी भागांत फिरून लोकांच्या तोंडून हकीकती ऐकल्या, त्यांचीं चित्रें काढिलीं, आणि त्या काळाचें दुःख आपल्या पेट्यांतही मांडिलें. जेथें पूर्वीं गुरांचा चोर फटके खात होता, तेथें आतां शिपाई उभे आहेत, आणि गुडघे टेकलेल्या स्त्रिया तेथेंही आहेत.