पाणी चांगलं होतं, मग कोळंबी का मेली?

घरच्या खाऱ्या टाकीत कोळंबी मेली की माणूस आधी पाणी तपासतो आणि कोड्यात पडतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान 26 अंश, शेजारी क्लाऊनफिश मजेत. मग दुकानदाराने मरतुकडा जीव गळ्यात मारला असं ठरतं. कधीकधी ते खरंही असतं. पण टेस्ट किट फक्त त्या घटकेचं पाणी सांगतं, कालचं पाणी कसं होतं ते त्याला माहीत नसतं. आणि कोळंबीला मारतो तो बहुधा काल आणि आज यांतला फरक, त्यातही खारटपणाचा, असं माझं मत आहे.

हा फरक घरात कसा तयार होतो ते साध्या हिशोबाने कळतं. टाकीत 100 लिटर पाणी आहे आणि लिटरमागे 35 ग्रॅम मीठ, म्हणजे एकूण साडेतीन किलो. मे महिन्यात पाणी थंड राहावं म्हणून वर पंखा लावला की दिवसाला लिटर-दीड लिटर सहज उडून जातं. उडतं ते पाणी. मीठ सगळं खालीच राहतं. आठवड्यात दहा लिटर उडालं तर उरलेल्या नव्वद लिटरमध्ये तेवढंच साडेतीन किलो, म्हणजे लिटरमागे जवळपास 39 ग्रॅम. ही चढण हळूहळू होते, तिच्याशी कोळंबी कशीबशी जुळवून घेते. खरा घात रविवारी सकाळी होतो. पातळी खाली गेलेली दिसते, आरओचं पाणी बादलीने ओतलं जातं आणि मिनिटभरात 39 चे पुन्हा 35. त्यानंतर तपासलेलं पाणी उत्तमच निघणार! भर घालायची ती रोज, थोडी थोडी. काचेवर मार्करने पातळीची रेघ मारून तिथवरच भरावं, मापाचा तांब्या ठरवू नये, कारण मेमधला तांब्या जुलैच्या दमट हवेत जास्त होतो. फ्लोटवर चालणारी सोय असेल तर तिची बादली मुद्दाम लहान ठेवावी. फ्लोट कधीतरी अडकतोच, तेव्हा तीन लिटर जास्त पडलं तर निभावतं, वीस लिटर पडलं तर नाही.

मासे मग कसे जगले? समुद्री मासा अंगातला खारटपणा समुद्राच्या साधारण एक-तृतीयांश राखतो, जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. प्रवाळ खडकांवरच्या क्लीनर किंवा पेपरमिंट कोळंबीकडे ही यंत्रणा तोकडी असते. तिच्या अंगातला द्रव भोवतालच्या पाण्याच्या मागे मागे जातो. पाणी एकदम गोडं झालं की ते तिच्या अंगात शिरतं. कात टाकायच्या बेतात असताना असा धक्का बसला तर काम अर्धवट राहतं आणि जुन्या कवचात अडकूनच ती मरते. यावर कोकणातला माणूस विचारेल, आमच्या खाडीतली कोळंबी पावसाळ्यात कशी तरते? ती मुळात निमखाऱ्या पाण्याची, चढउतार तिच्या पाचवीलाच पुजलेला. तरी तळ्यात व्हॅनामीचं बी सोडणारा शेतकरीसुद्धा पिशवीतल्या पाण्यात तळ्याचं पाणी हळूहळू मिसळतो. काटक जातीला ही सवलत असेल, तर नाजूक जातीला पिशवी कापून थेट टाकीत सोडण्याचं कारण कळत नाही.

नवी कोळंबी आणताना खबरदारी याच कारणासाठी. दुकानातल्या टाक्या अनेकदा मुद्दाम कमी खारट ठेवलेल्या असतात, मीठ वाचतं म्हणून. पिशवीचं पाणी आधी रिफ्रॅक्टोमीटरने मोजावं. तो 35च्या द्रावणाने जुळवून घेतलेला हवा. फरक थोडा असेल तर एअरलाइनच्या नळीला सैल गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब, तास-दोन तास. इथे एक आक्षेप मात्र रास्त आहे. दिवसभर प्रवास केलेल्या पिशवीत अमोनिया साचलेला असतो. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी जरा आम्लधर्मी राहतं, म्हणून तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच सामू चढतो आणि अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तासभर थेंब सोडणं हाच अपाय. त्यापेक्षा वेगळ्या, आधीच मुरवलेल्या लहान टाकीत पिशवीइतकाच खारटपणा तयार ठेवावा, कोळंबी लगेच तिथे हलवावी आणि खारटपणा पुढच्या काही दिवसांत वाढवावा.

आयोडीनच्या थेंबांवर माझा विश्वास नाही. समुद्रात ते लिटरमागे सुमारे 0.06 मिलिग्रॅम असतं. न मोजता ओतलेला थेंब म्हणजे आणखी एक चढउतार. तांबं हा मात्र खरा अपवाद, ते स्थिर असलं तरी मारतंच. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषध मुख्य टाकीत कधीच घालू नये. खडक आणि वाळू ते धरून ठेवतात आणि पुढे पाण्यात सोडत राहतात.

आणि सकाळी वाळूवर निपचित कोळंबी दिसली तर दुकानदाराला फोन करण्याआधी ती चिमट्याने उचलून पाहावी. हलकी, पोकळ, मिशांसकट शाबूत आणि पाठीकडे उसवलेली असेल तर ती कात आहे. कोळंबी खडकाच्या कपारीत असते, नवं कवच घट्ट होईपर्यंत एखाद-दोन दिवस बाहेर येत नाही. तेवढे दिवस पाणी बदलायचा बेत पुढे ढकलावा.