अन्ननलिकेचे अस्तर पुन्हा कसे भरून येते?

काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी ह्याने सुश्रुतास शल्यविद्येचा उपदेश केला, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. ह्या ग्रंथाच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय क्षारकर्माचा व बारावा अग्निकर्माचा आहे. अग्निदग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार तेथे वर्णिले आहेत. रोगट भाग जाळावयाचा तर तो किती खोल जाळावा आणि त्यानंतर व्रण कसा भरून आणावा, हे दोन प्रश्न तेव्हापासून वैद्यांपुढे आहेत. वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात पी. जे. देशपांडे ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात क्षारसूत्राच्या उपचाराचे पुनरुज्जीवन केले. क्षाराची पुटे दिलेला हा दोरा भगंदराची नाडी हळूहळू छेदीत जातो आणि मागे व्रण भरत येतो. नाश व भरण ही दोन्ही कार्ये अशी बरोबरच चालतात. अन्ननलिकेचा आधुनिक दाहोपचार ह्याहून अगदी निराळा आहे. परंतु वरील दोन प्रश्न तेथेही तेच आहेत.

अस्तर का बदलते?

प्रौढ माणसाची अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या आतील अस्तरात चपट्या पेशींचे अनेक थर असतात. घासाचे घर्षण हे अस्तर सहज सोसते. मात्र जठरातील आम्ल त्यास सोसवत नाही. आम्ल वर्षानुवर्षे वर चढत राहिल्यास काही जणांत खालच्या भागातील चपट्या पेशींच्या जागी आतड्यातल्यासारख्या स्तंभाकार पेशी येतात. लंडन येथील शल्यवैद्य नॉर्मन बॅरेट ह्यांच्या १९५० सालच्या लेखावरून ह्या विकृतीस ‘बॅरेटची अन्ननलिका’ असे नाव पडले. अशा बहुतेक रुग्णांना कर्करोग होत नाही. परंतु पेशींची रचना बिघडू लागली, म्हणजे ‘डिस्प्लेशिया’ दिसू लागला, की धोका वाढतो.

दाह किती खोल?

अन्ननलिकेत एंडोस्कोप घालून उंचवटा आलेला भाग आधी काढून घेतात व सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कारण एकदा जाळलेल्या भागाची परीक्षा पुढे करता येत नाही. उरलेल्या सपाट अस्तरावर फुगा अथवा पट्टी टेकवून रेडिओ-कंप्रतेच्या विद्युत्प्रवाहाने अल्पकाळ उष्णता देतात. तिचा परिणाम एक मिलिमीटरपेक्षाही कमी खोलीपर्यंत पोहोचावा, अशी योजना असते. दाह उथळ राहिला तर रोगट पेशी मागे उरतात. तो फार खोल गेला तर स्नायूंपर्यंत इजा होऊन वण आखडतो व नळी अरुंद होते.

भरून येण्याचा क्रम

जळालेला थर पांढरट होऊन काही दिवसांत गळून पडतो व खाली उघडा व्रण राहतो. शोथाच्या पेशी तेथे येऊन मृत ऊतक साफ करतात. व्रणाच्या कडेच्या निरोगी चपट्या पेशी पसरून आत सरकू लागतात, मग विभागून थरावर थर रचतात. शिवाय अस्तराखालील ग्रंथींच्या नलिकांतूनही नव्या पेशी वर येतात. म्हणून कडेपासून दूर, व्रणाच्या मधोमधही नव्या अस्तराची बेटे दिसतात. ती वाढून एकमेकांस मिळाली की व्रण झाकला जातो. ह्या काळात छातीत दुखणे व गिळताना त्रास होणे संभवते, म्हणून रुग्णास आरंभी पातळ व मऊ आहार देतात.

नवे अस्तर कोणत्या पेशींचे होईल, हे बऱ्याच अंशी सभोवतालच्या परिस्थितीवर अवलंबून असते. आम्ल चढतच राहिले तर चपट्या पेशींना जम बसविता येत नाही व स्तंभाकार पेशी परत येऊ शकतात. ह्याकरिता ओमेप्रॅझोलसारख्या औषधांनी आम्लाची निर्मिती कमी करणे हा उपचाराचा अर्धा भाग होय. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते व आवश्यक तर दाह पुन्हा देतात.

यश आणि सावधगिरी

अमेरिकेत १२७ रुग्णांवर झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सौम्य डिस्प्लेशिया असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के व तीव्र डिस्प्लेशिया असलेल्यांपैकी ८१ टक्के उपचारित रुग्णांत एका वर्षानंतर तो आढळला नाही. सुमारे ६ टक्के रुग्णांत नळी अरुंद झाली. ती फुगविण्याच्या साधनाने रुंद करता येते. कधी जुन्या ग्रंथी नव्या अस्तराखाली दडून राहतात, कधी जठराच्या मुखापाशी विकृती पुन्हा उद्भवते. म्हणून अस्तर भरून आले तरी नियमित तपासणी चालू ठेवावी लागते.

भारतात अन्ननलिकेचा कर्करोग बहुधा चपट्या पेशींपासूनच होतो आणि तंबाखू व मद्य ही त्याची मोठी कारणे आहेत. वाराणसीत २०१९ साली उघडलेल्या महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्रासारख्या संस्थांकडे अनेक रुग्ण येतात ते घास अडकू लागल्यावर. त्या अवस्थेत वरवरचा दाह पुरेसा ठरत नाही. वर्षानुवर्षे छातीत जळजळ होत असेल तर वैद्याचा सल्ला घ्यावा, आणि घास अडकू लागल्यास एक दिवसही दवडू नये. शरीर आपले अस्तर पुन्हा विणू शकते. मात्र रोग उथळ असतानाच त्यास ही संधी मिळाली पाहिजे.