पहिला भाडेकरू : आम्ही शिकलेला धडा



आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कर्ज काढून धाराशिवात घर बांधलंय. वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या तर हप्त्याला हातभार लागेल, असं वाटतं. आम्हीही तेच केलं, आणि एक धडा शिकलो.

चूक कुठे झाली?

पहिला भाडेकरू ओळखीतून आला. बोलायला गोड, माणूस सभ्य. भाडं ३,००० रुपये ठरलं, पण तोंडी. चार महिने रोख मिळालं, पावती आम्ही दिलीच नाही. पुढचे तीन महिने थकले. मागायला गेलो तर म्हणाला, "सर, आपलं २,५०० ठरलं होतं." मी रागात नळ बंद करायला निघालो, वडिलांनी अडवलं. बरं झालं, कारण पाणी-वीज तोडायला कायद्यानेच मनाई आहे. शेवटी थकलेलं भाडं सोडून दिलं आणि खोल्या रिकाम्या करून घेतल्या.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणजे त्याचे २,५०० खरे, माझे ३,००० खोटे! पावती देणंही मालकाचंच काम आहे. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं, हा मोठा गैरसमज आहे.

भाडेकरू निवडताना

१) आडनाव, जात विचारत बसू नका. त्यावरून भाडं वेळेवर येत नाही. नोकरी कुठे, किती दिवसांपासून, आधी कुठे राहत होता, हे विचारा.
२) आधीच्या घरमालकाला स्वतः फोन करा. ओळखीचा माणूस असला तरी करा.
३) पाण्याचं खरं सांगा. नळ किती दिवसांनी येतो, बोअर उन्हाळ्यात टिकतो का, टँकरचे पैसे कोणी द्यायचे. आपल्या भागात अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात.
४) अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवता येतो. दोघांचं आधार आणि बोटांचे ठसे लागतात.
५) भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या.
६) भाडं बँकेत किंवा यूपीआयने घ्या. तारीख आपोआप नोंदली जाते.

थोडं गणित

३,००० × ११ = ३३,००० रुपये. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे ८२ रुपये ५० पैसे. अनामत रकमेमुळे त्यात थोडी भर पडते, नोंदणी फी वेगळी. आमचे बुडाले ९,०००! हे उदाहरण पाचवी-सहावीच्या मुलांनाही शेकडेवारी शिकवताना घालता येईल.

आता दुसरं कुटुंब राहतंय. करार करताना त्यांनीच आधी विचारलं, "सर, नोंदणी करणार ना?" तेव्हा कळलं, कागद त्यांनाही हवा असतो. अनामत परत मिळेल का, मध्येच घर सोडायला सांगतील का, ही धास्ती त्यांनाही असतेच. भरवशाचा भाडेकरू हवा असेल, तर आधी आपण भरवशाचे घरमालक व्हायला हवं.

तुमचा अनुभव नक्की कळवा.