ओटचा दाणा कसदार हवा, तर पेरणी लांबवू नका

झाशीजवळच्या मोठ भागात ओट, म्हणजे तिथली जई, पेरतात ती मुख्यतः दुभत्या जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी. बुंदेल जई ८२२ आणि ८५१ हे वाण झाशीच्याच चारा संशोधन संस्थेचे; महाराष्ट्रात राहुरीचा फुले हरिता चालतो. वाण चाऱ्याचा असला तरी एखादा तुकडा दाण्यासाठी राखणारे असतात. हा सल्ला त्यांच्यासाठी.

सोललेल्या दाण्यात साधारण १२ ते २० टक्के प्रथिने, ५ ते ९ टक्के तेल आणि ३ ते ७ टक्के बीटा-ग्लुकन असते. एवढा फरक वाणामुळे पडतो, तसाच दाणा कोणत्या हवेत भरला यामुळेही पडतो. थंडीत भरलेल्या दाण्यात तेल जास्त उतरते. पेरणी डिसेंबरवर गेली की दाणे मार्चच्या उन्हात सापडतात, पिष्ट भरायचे राहते आणि दाणा चिमतो. अशा दाण्यात प्रथिनांची टक्केवारी कधी कधी जास्त दिसते. तिला भुलू नका. एकरी प्रथिने कमीच हाती येतात आणि वजनात टरफलाचा वाटा वाढतो. म्हणून दाण्याच्या तुकड्याची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरका.

चाऱ्याची एक कापणी ५५-६० दिवसांनी, जमिनीपासून चार बोटे ठेवून घ्या. दुसरीचा मोह टाळा. पेरणी उशिरा झाली असेल तर पहिलीही नको, कारण कापणीमुळे फुलोरा आणखी पुढे जातो.

नत्राने प्रथिने वाढतात. ओटची बरीचशी प्रथिने ग्लोब्युलिन प्रकारची असल्याने ती वाढली तरी लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाचे प्रमाण गव्हाइतके घसरत नाही, हा या पिकाचा मोठा गुण. मात्र नत्र हप्त्यांनी द्या. मार आणि काबर या काळ्या जमिनींत ओल टिकते. तिथे एकदम जादा युरिया टाकला की पीक लोळते. राकर या हलक्या जमिनीत पीक पोटरीत आणि दाणा दुधात असताना पाणी चुकवू नका.

काढणीनंतर मूठभर दाणे सोलून पाहा. शंभर ग्रॅममधून सत्तरच्या पुढे गर निघाला तर दाणा चांगला भरला. साठवताना ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. भरडा चार-पाच दिवसांपुरताच करा. दाणा फुटला की त्यातले तेल लवकर खवट होते आणि जनावर तोंड फिरवते.