अधोलोक आणि नरक : दोन शब्दांचा अभ्यास

शास्त्रपाठ : लूक १६:१९-३१, मार्क ९:४३-४८, प्रकटीकरण २०:११-१५

मयताच्या घरी सांत्वनासाठी गेलेल्या उपदेशकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच : "दादा, आमचे हे बाप्तिस्मा न घेताच गेले. ते आता नरकात जळत असतील का?" विचारणारी बाई रडत असते आणि घरात शेजारीपाजारी बसलेले असतात. अशा वेळी तोंडातून निघालेला एक शब्द त्या घरात पुढची वीस वर्षे राहतो. म्हणून आपण जे शब्द वापरतो ते शास्त्रात कोणत्या अर्थाने आले आहेत, हे आधीच नीट पाहून ठेवलेले बरे.

मूळ ग्रीक नव्या करारात दोन वेगळे शब्द आहेत. एक 'हादेस'. आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी 'अधोलोक' हा शब्द घातला आहे. दुसरा 'गेहेन्ना', त्यासाठी 'नरक'. हादेस हा शब्द दहा वेळा येतो, गेहेन्ना बारा वेळा. आणि या बारांपैकी अकरा वेळा तो प्रत्यक्ष प्रभू येशूच्या मुखातून आला आहे. बारावा याकोबाच्या पत्रात (३:६), जिभेविषयी बोलताना. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात दोन्ही शब्दांसाठी बहुतेक ठिकाणी 'हेल' हा एकच शब्द होता. १८८१ च्या सुधारलेल्या नव्या करारात ते वेगळे करण्यात आले. आपल्यापैकी जे इंग्रजी पुस्तकांवरून उपदेशाची तयारी करतात त्यांच्या बोलण्यात हा गोंधळ पुष्कळदा तेथूनच येतो. मराठी वाचणाऱ्याला तो होण्याचे कारण नाही, कारण आपल्या हातातल्या पुस्तकात शब्द वेगळे ठेवलेले आहेत. आपणच ते नीट वाचत नाही.

आधी अधोलोक पाहू. जुन्या करारात यासाठी इब्री शब्द 'शिओल' आहे आणि तो साठाहून अधिक वेळा आला आहे. योसेफ मेला असे समजून याकोब म्हणतो की मी शोक करीतच आपल्या मुलाकडे अधोलोकात जाईन (उत्पत्ति ३७:३५). याकोब काय नरकात जाण्याची वाट पाहत होता? आपला निरपराध मुलगा नरकात गेला असे त्याला वाटत होते? नव्हे. शिओल म्हणजे मेलेल्यांचे ठिकाण; जेथे नीतिमान आणि अनीतिमान, राजा आणि गुलाम सगळेच उतरतात. ईयोब तर आपल्या दुःखात देवाला विनवतो की मला तेथे लपवून ठेव (ईयोब १४:१३). स्तोत्रकर्ता म्हणतो की मी तेथे बिछाना केला तरी तू तेथे आहेस (स्तोत्र १३९:८). इब्री शास्त्राचे ग्रीक भाषांतर ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या व दुसऱ्या शतकांत झाले, तेव्हा भाषांतरकारांनी शिओलसाठी 'हादेस' हा शब्द घेतला आणि तोच नव्या करारात आला.

हा अर्थ ध्यानात ठेवला म्हणजे दोन वचने उघडतात. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र सोळाव्या स्तोत्राच्या आधाराने सांगतो की ख्रिस्ताचा जीव अधोलोकात राहू दिला गेला नाही (प्रे. कृ. २:२७, ३१). म्हणजे तो खरोखर मेला, मेलेल्यांमध्ये गेला आणि मरणाने त्याला धरून ठेवले नाही. ज्या मंडळ्यांत विश्वासांगीकारात 'अधोलोकात उतरला' हे शब्द म्हटले जातात, त्यांनी ते याच अर्थाने म्हणावेत. (मेथडिस्ट मंडळ्यांत हे वाक्य पुष्कळदा म्हटले जात नाही, त्यावरून कोणी वाद घालू नये.) दुसरे वचन मत्तय १६:१८. अधोलोकाची द्वारे मंडळीपुढे टिकणार नाहीत, असे प्रभू म्हणतो. यावर सैतानाच्या सैन्याच्या हल्ल्याविषयी किती जोशात उपदेश होतात! पण द्वारे हल्ला करीत नाहीत. ती बंद होतात. आजारी हिज्कीया राजाने हीच भाषा वापरली होती : माझे दिवस अर्धवट राहिले आणि मला अधोलोकाच्या द्वारांत जावे लागत आहे (यशया ३८:१०). ती मरणाची द्वारे आहेत. बेळगाव असो की इंदूर, जेथे मंडळीतली हजर माणसे थोडी आणि कबरस्तानातली पुष्कळ, तेथे हे वचन वाचून पाहावे. ती द्वारे मंडळीला कायमची आत कोंडू शकणार नाहीत, असे प्रभू सांगत आहे.

आता नरक. गेहेन्ना हे मुळात एका खऱ्या जागेचे नाव आहे. यरुशलेमेच्या दक्षिणेला व नैऋत्येला असलेले हिन्नोमाचे खोरे, इब्रीत 'गे-हिन्नोम'. यहोशवाच्या पुस्तकात ते यहूदा व बन्यामीन यांच्या सीमेवर सांगितले आहे (१५:८). पुढे त्याला भयंकर इतिहास जडला. आहाज राजाने तेथे आपली मुले अग्नीत होमली (२ इतिहास २८:३), मनश्शेनेही तेच केले (३३:६). योशीया राजाने तेथील तोफेत भ्रष्ट करून टाकले, म्हणजे पुन्हा कोणी मोलखासाठी मुलगा किंवा मुलगी अग्नीतून नेऊ नये (२ राजे २३:१०). आणि यिर्मयाने सांगितले की या खोऱ्याला पुढे कत्तलीचे खोरे म्हणतील (७:३२). अशा रीतीने ते नाव देवाच्या अंतिम न्यायाचे नाव बनले. ज्या ठिकाणी माणसांनी निरपराध लेकरे जाळली, त्या ठिकाणाचे नाव प्रभूने देवाच्या न्यायासाठी घेतले, हे विसरू नये. मार्क ९:४८ मधील न मरणारा किडा आणि न विझणारा अग्नी हे शब्द यशयाच्या शेवटच्या वचनातून (६६:२४) आले आहेत.

येथे संडेस्कूल शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रभूच्या काळी हिन्नोमाचे खोरे शहराचा उकिरडा होता व तेथे केरकचरा रात्रंदिवस जळत असे, असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. चित्र मोठे बोलके आहे, पण पहिल्या शतकातील कोणत्याही लेखात ते मिळत नाही. ते प्रथम दिसते सुमारे १२०० सालच्या रब्बी दावीद किम्ही यांच्या स्तोत्रांवरील टीकेत, म्हणजे प्रभूनंतर जवळजवळ बाराशे वर्षांनी. मुलांना सांगायला आहाज, मनश्शे आणि योशीया पुरेसे आहेत, आणि तो इतिहास शास्त्रातला आहे.

'नरक' हा मराठी शब्दही निष्कलंक हाती आलेला नाही. आपल्या शेजाऱ्यांच्या पुराणांत नरक एक नव्हे, अनेक आहेत. भागवतात अठ्ठावीस सांगितले आहेत. तेथे जीव आपल्या पापाचे फळ भोगतो आणि ते संपले की पुन्हा जन्माला येतो. म्हणजे तो नरक मुदतीचा आहे. गेहेन्ना तसा नाही. मत्तय २५:४६ मध्ये शिक्षा आणि जीवन या दोहोंना 'सार्वकालिक' हे एकच विशेषण लावले आहे. एकाची मुदत कमी करून दुसऱ्याची ठेवता येत नाही. ती शिक्षा म्हणजे न संपणारी यातना की कायमचा नाश, यावर विद्वानांत वाद आहे, मत्तय १०:२८ त्यासाठी पुढे करतात. मला पहिला अर्थ सरळ वाटतो. पण दोन्ही बाजू मान्य करतात की तेथून परत येणे नाही. यमदूत आणि कढई यांची चित्रे मात्र शास्त्रात कोठेच नाहीत. ती फळ्यावर काढू नयेत.

मग लूक १६ मधला श्रीमंत मनुष्य? तो ज्वाळेत आहे, म्हणून आपण त्याला सहज नरकात घालतो. पण तेथे शब्द अधोलोक आहे. शिवाय त्याचे पाच भाऊ अजून बापाच्या घरी जिवंत आहेत. शेवटचा न्याय झालेला नाही. तेव्हा मेल्यानंतरही सगळ्यांची स्थिती सारखी नसते, मध्ये मोठी दरी असते, हे या कथेवरून घ्यावे. लाजर अब्राहामाच्या उराशी आहे. वधस्तंभावरील चोराला तर त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले (लूक २३:४३). प्रकटीकरणात शेवटचा क्रम स्पष्ट आहे : समुद्र, मरण आणि अधोलोक आपल्यातील मेलेली माणसे परत देतात, न्याय होतो, आणि मग मरण व अधोलोक हीच अग्निसरोवरात टाकली जातात (२०:१३-१४). अधोलोक म्हणजेच नरक असता, तर नरक नरकात टाकला असे म्हणावे लागले असते.

आता त्या रडणाऱ्या बाईकडे येऊ. तिला 'ते नरकात आहेत' असे सांगण्याचा अधिकार कोणाही उपदेशकाला नाही. त्या शिक्षेचा निवाडा पांढऱ्या राजासनासमोर व्हायचा आहे, आणि तेथे बसणारा आपण नव्हे. 'काही काळजी नाही, सगळे सारखेच' असेही सांगता येत नाही. लूक १६ ते सांगू देत नाही. तिला एवढे सांगता येते की तिचा नवरा मेलेल्यांमध्ये आहे, आणि मेलेल्यांच्या त्या ठिकाणाच्या किल्ल्या येशूच्या हातात आहेत (प्रकटीकरण १:१८). नंतर, पाचसहा दिवसांनी, पाहुणे गेल्यावर पुन्हा जावे. तेव्हा तिचे पुढचे प्रश्न येतात.